रिकाम्या खोलीचे भाडे कोण भरतो?

शब्दांपासून सुरुवात करण्याची खोड आम्हा मराठीच्या अध्यापकांना असतेच. तेव्हा शब्दापासूनच सुरुवात करू. 'हंगाम' हा शब्द आपण आंब्याला, उसाला, लग्नांना आणि प्रवाशांना सारखाच लावतो. हंगाम नसलेल्या काळाला मात्र मराठीत धड नाव नाही. दुकानदार 'गिऱ्हाईक नाही' म्हणतो, लॉजवाला 'सध्या खाली आहे' म्हणतो, आणि वर्तमानपत्रे सरसकट 'मंदी' म्हणून मोकळी होतात. ज्याला नाव नाही त्याचा इतिहासही सहसा कोणी लिहीत नाही. थंड हवेच्या ठिकाणांवर जे लिहिले गेले आहे ते बहुतेक भरलेल्या दिवसांविषयीच आहे: कोण गव्हर्नर कोठे उतरला, कोणत्या शेटजींनी कोठे बंगला बांधला, सीझनमध्ये कशी गर्दी उसळे. सीझन संपल्यावर त्या खोल्यांचे काय झाले, आणि त्या रिकाम्या राहिल्या तेव्हा त्यांचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी देवळाली कॅम्पइतके योग्य गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. गेली दीडशेहून अधिक वर्षे हे गाव दुसऱ्यांना राहायला जागा देत आले आहे. सैनिक, आजारी माणसे, निर्वासित, सुट्टीला आलेली कुटुंबे आणि आता मोबाइलवरून दोन रात्री राखून ठेवणारे पाहुणे, असा हा क्रम आहे. यजमानपण हाच ज्याचा धंदा, त्या गावाला रिकामे दिवसही भरपूर वाट्याला आले. आज कॅम्पात किंवा लाम रोडच्या आसपास आपल्या घरातल्या दोन-तीन खोल्या किंवा एखादा बंगला दिवसांच्या हिशेबाने भाड्याने देणारी कितीतरी कुटुंबे आहेत. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी त्यांच्या मनात जी धाकधूक असते, ती या गावाला मुळीच नवी नाही.

आधी थोडा भूगोल. देवळाली गाव वेगळे आणि देवळाली कॅम्प वेगळा. गाव नाशिकरोडला लागून आहे आणि आज नाशिक महापालिकेत मोडते; कॅम्प त्याच्या दक्षिणेला काही मैलांवर, भगूरच्या शेजारी, दारणेच्या खोऱ्यालगतच्या माळावर वसला आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे साडेपाचशे मीटर. महाबळेश्वरच्या तुलनेत ही उंची काहीच नव्हे, पण देवळालीचे खरे बळ उंचीत नसून हवेच्या कोरडेपणात आहे. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तेथून पन्नासएक किलोमीटर पूर्वेला सरकले की तो सातशेच्या आसपास येतो. म्हणजे पावसाळ्यातही येथे माणसाला राहता येते. ही साधी गोष्ट पुढच्या साऱ्या कथेचा पाया आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

इंग्रजांनी १८६१ साली येथे लष्करी तळ उभारला. १८६५ साली थळ घाटाची चढण रेल्वेने पार केली आणि मुंबई बंदराशी अखंड लोहमार्गाने जोडणी झाली. विलायतेहून आलेली पलटण बोटीतून उतरवायची, गाडीत बसवून देवळालीला आणायची, आठवडाभर हवेला रुळू द्यायची आणि मग हिंदुस्थानभर वाटून टाकायची. उलट ज्यांची नोकरीची मुदत संपली त्यांना देशभरातून येथे गोळा करून बोटीवर चढवायचे, असे या तळाचे काम होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये येथील बराकींत सुमारे पाच हजार माणसांची सोय असल्याची नोंद आहे. पाच हजार खाटांचे मुक्कामघर! आजच्या भाषेत बोलायचे तर नाशिक जिल्ह्यातला तो सर्वांत मोठा यजमान होता.

पण त्या यजमानाला हंगाम होता, आणि तो समुद्राने ठरवलेला होता. सैन्याची ने-आण करण्यासाठी सरकारने १८६०च्या दशकात पाच खास बोटी बांधवल्या. क्रॉकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस ही त्यांची नावे. या बोटींचे येणे-जाणे साधारणपणे शरद ऋतूपासून मार्चपर्यंत चाले. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा आणि नंतर अरबी समुद्रातला पावसाळा, यांमुळे उरलेले महिने वाहतूक थंडावे. ज्या शिपायाची मुदत हंगामाच्या मधोमध भरली तो सुदैवी. जो शेवटच्या बोटीला मुकला त्याला पुढच्या हंगामापर्यंत महिनेच्या महिने थांबणे भाग पडे.

या थांबण्यातून इंग्रजी भाषेला एक शब्द मिळाला. 'डूलाली टॅप' हा तो शब्द. पहिला भाग म्हणजे देवळालीचा इंग्रजी जिभेने केलेला अपभ्रंश, आणि दुसरा म्हणजे आपला 'ताप'. देवळालीचा ताप चढलेला, म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट झालेला माणूस. पुढे 'ताप' गळाला आणि नुसता 'डूलाली' उरला. इंग्रजी शब्दकोशांत तो आजही वेडसर या अर्थाने आढळतो. त्या लष्करात काही वर्षे हिंदुस्थानात काढलेल्या फ्रँक रिचर्ड्स या सामान्य शिपायाने १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या प्रतीक्षेचे वर्णन आहे. करायला काम नाही, कवायत नावापुरती, खिशात साठलेले पैसे आणि समोर लांबलचक दिवस. चांगली वागणूक असलेली माणसे येथे येऊन बिघडत, दारूला लागत, तुरुंगात जात.

या शब्दाकडे आपण गंमत म्हणून पाहतो. आमच्या मते तो एका हिशेबाचा अवशेष आहे. बोटीचा हंगाम सरकारने आपल्या सोयीने आखला; रिकाम्या महिन्यांत बोटी चालवण्याचा धोका आणि खर्च वाचवला. तो वाचलेला खर्च कोठेतरी जमा व्हायलाच हवा होता. तो शिपायाच्या डोक्यात जमा झाला. रिकाम्या काळाची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि ज्याच्या हाती वेळापत्रक नसते तो सर्वांत जास्त मोजतो, हा धडा देवळालीने पहिल्याच पिढीत दिला.

बराकींची गोष्ट मात्र वेगळी होती. बराक भरली काय आणि ओस पडली काय, तिची डागडुजी सरकारी तिजोरीतूनच होई. त्यामुळे रिकाम्या बराकीची चिंता कोणाला झोपू देत नसे असे झाले नाही. कॅम्पाच्या बाजारातले खाटीक, दूधवाले, धोबी, टांगेवाले, न्हावी आणि शिंपी यांना तिजोरी नव्हती. पलटण हलली की त्यांचे गिऱ्हाईक हले. बाजाराने यावर काढलेला तोडगा साधा होता. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबायचे नाही. लष्करासाठी आलेले पाव, लोणी, दूध, डॉक्टर, पक्का रस्ता आणि रेल्वे स्टेशन हे सारे मुंबईच्या सुखवस्तू आजाऱ्यालाही हवेच होते. तळाच्या भोवती मुंबईकरांचे बंगले उभे राहिले ते या आयत्या सोयींच्या आधाराने.

या बंगल्यांच्या मालकांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. छावण्यांमध्ये पुष्कळ ठिकाणी जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम तेवढे मालकाचे, अशी 'ओल्ड ग्रँट'ची पद्धत असे. शिवाय १९०२ चा आणि त्यानंतर १९२३ चा छावणी गृहनिवास कायदा यांनी लष्कराला एक मोठा अधिकार दिला. अधिकाऱ्याला घर हवे असेल तर मालकाचा बंगला सरकार भाडेपट्ट्याने घेऊ शकत असे. मालकाने यावर कुरकुर केली तर नवल नाही. पण नाण्याला दुसरी बाजू होती. ज्याचा बंगला लष्कराने घेतला त्याला बारा महिने भाडे निश्चित होते. चढ्या सीझनची मजा गेली आणि पडत्या दिवसांची भीतीही गेली. आज एखाद्या कंपनीला वर्षभराच्या कराराने फ्लॅट देणारा माणूस हाच सौदा करतो. स्वातंत्र्य आणि निश्चिंती यांपैकी एक विकून दुसरे घ्यायचे असते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तुलनेसाठी आपल्या इतर गिरिस्थानांकडे पाहावे. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथे जून लागण्याआधी बंगल्यांना गवताच्या झडपा बांधून ते झाकून टाकीत, आणि सरकारही घाट उतरून पुण्याला येई. माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी तिची फेरी थांबते. या गावांनी रिकामा काळ सरळ मान्य केला. दार लावले, कुलूप घातले, हिशेब आठ महिन्यांचाच मांडला. तोही एक शहाणपणाचा मार्ग आहे. देवळालीला निसर्गाने ती सवलत दिली नाही. येथे पाऊस इतका नव्हता की दार लावावे, आणि गर्दी इतकी नव्हती की दार नेहमी उघडे ठेवणे परवडावे. या अडचणीतूनच देवळालीची स्वतःची संस्था घडली. तिचे नाव सॅनिटोरियम.

हा शब्द ऐकून महाराष्ट्रातल्या वाचकाला मिरजेजवळचे वॉनलेसवाडीचे क्षयरुग्णालय किंवा डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला काढलेले बेल-एअर आठवेल. तेथे डॉक्टर असत, वॉर्ड असत, तपमानाचे तक्ते असत. मुंबईच्या पारशी, गुजराती, कच्छी आणि जैन समाजांच्या बोलीत 'सॅनिटोरियम' म्हणजे निराळीच गोष्ट. एखाद्या समाजाच्या दानशूर गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या किंवा पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेली खोल्यांची ओळ, पुढे लांब ओसरी, मागे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वयंपाकघर, मध्ये मोकळे अंगण. समाजातल्या कुटुंबाने अर्ज करायचा, नाममात्र भाडे भरायचे, गाद्या-भांडी घेऊन किंवा तेथली वापरून महिना-दोन महिने राहायचे, हवा खायची आणि परतायचे. देवळालीत अशा वास्तू लाम रोडला आणि कॅम्पाच्या रस्त्यांवर आजही दिसतात. काही नांदत्या, काही पडक्या, काहींच्या जागी नव्या इमारती.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ साली. तोवर क्षयावर नेमके औषध नव्हते. कोरडी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी, एवढाच वैद्यांचा आणि डॉक्टरांचा उपाय. मुंबईच्या चाळीत या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टी मिळणे अशक्य होते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा तर शहराबाहेर राहण्याची जागा असणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न झाला. पण गावाबाहेर पळून माणूस वाचतोच असेही नाही. शेजारच्या भगूरलाही १८९९ साली प्लेगने गाठलेच, आणि विनायक दामोदर सावरकरांचे वडील त्यातच गेले. तरीही मोकळ्या हवेत जागा असावी, ही गरज त्या काळाने शहरी माणसाच्या मनावर कोरली, आणि दान देणाऱ्याला ती पुण्याची वाटली.

सॅनिटोरियमची खरी करामत तिच्या अर्थव्यवहारात होती. धर्मशाळेसारखी ती फुकट नव्हती आणि लॉजसारखी नफ्याची नव्हती. देणगीदार वास्तू बांधून देई आणि तिच्या देखभालीसाठी वेगळा निधी ठेवी. म्हणजे रिकाम्या खोलीचे भाडे देणगीदाराने आगाऊ भरून ठेवलेले असे, पुष्कळदा स्वतः मेल्यानंतरच्या काळाचेसुद्धा! त्यामुळे आषाढात ओसरीवर कोणी नसले तरी माळ्याचा आणि राखणदाराचा पगार थांबत नसे. रिकाम्या महिन्यात कौले चाळली जात, विहिरीचा गाळ काढला जात असे, भिंतींना चुना लागे. खाली दिवस हा तोटा मानला जात नव्हता. ती वास्तूची विश्रांती होती. शेतकरी जमीन पड टाकतो तेव्हा तिच्यावर रागावत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी करामत मुक्कामाच्या लांबीत होती. महिनाभर राहणारे कुटुंब एकदाच येते आणि एकदाच जाते. खोली एकदाच झाडून द्यायची, किल्ली एकदाच द्यायची, भाजीवाल्याशी ओळख एकदाच करून द्यायची. पुढच्या वर्षी तेच कुटुंब येते, बहुधा शेजाऱ्यालाही आणते. गिऱ्हाईक शोधण्याचा खर्च शून्याजवळ. आजच्या यजमानाचे निम्मे कष्ट ज्यात जातात ते काम या संस्थेला ठाऊकच नव्हते.

दुसरे महायुद्ध आले आणि कॅम्प ओसंडून वाहिला. १९४१ साली तोफखान्याचे शिक्षणकेंद्र काकूलहून देवळालीला हलवण्यात आले. युद्ध संपले, स्वराज्य आले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियाखालून शेवटची इंग्रज पलटण निघून गेली. ज्या पाहुण्यासाठी हे गाव वसले तो कायमचा गेला. हा पडता हंगाम नव्हता. हा हंगामाचा अंतच होता. तरीही कॅम्प ओस पडला नाही, याची दोन कारणे. तोफखान्याची शाळा येथेच राहिली, आणि मोकळ्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले. एकाच्या दृष्टीने जी रिकामी बराक होती ती दुसऱ्याचे छप्पर झाली. यातले पुष्कळजण पाहुणे म्हणून परतले नाहीत. त्यांनी येथेच दुकाने थाटली, घरे बांधली, आणि पुढच्या पिढीत त्यांतलेच काही यजमान झाले.

स्वातंत्र्यानंतर सॅनिटोरियमच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकत गेली. क्षयावर औषधे आली. हवा खाण्यासाठी दोन महिने काढण्याची गरज उरली नाही. एकत्र कुटुंबे विभागली, मुलांच्या शाळा आणि बायकांच्या नोकऱ्या यांनी सुट्टी आठवड्यावर आणली. जुन्या निधीचे व्याज महागाईत विरघळले. त्यातच भाड्याच्या कायद्यांची भीती. मुंबई प्रांतात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा जो कायदा झाला त्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउसचे दरही होते. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले. छावणीत राज्याचे भाडेकायदे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी केंद्राने १९५७ साली स्वतंत्र कायदा करून वाट ठेवली होती. पण कायद्याच्या पोटकलमांपेक्षा त्याची दहशत अधिक लांब पोहोचते. 'एकदा बसलेला माणूस उठत नाही' हे वाक्य घरोघर म्हण होऊन बसले. महिन्यासाठी जागा मागणाऱ्याकडे मालक संशयाने पाहू लागले. १९९९ च्या नव्या कायद्याने लीव्ह अँड लायसन्सच्या कराराला भक्कम आधार दिला, तरी ती भीती पुरती गेलेली नाही. लांब मुक्कामाची जुनी रीत मोडली, त्यात या भीतीचा वाटा मोठा आहे.

आता देवळालीतून थोडे उत्तरेला, गोदाकाठी जाऊ. कारण रिकाम्या दिवसांना तोंड देण्याची आणखी जुनी पद्धत तेथे आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान्पिढ्या यात्रेकरूंना आपल्या घरी उतरवून घेत आले. त्यांच्या वह्यांत यजमानांच्या वंशावळी असतात. आजोबा केव्हा आले, कोणते श्राद्ध केले, बरोबर कोण होते, सारे नोंदलेले. येथे 'यजमान' हा शब्द उतरणाऱ्याला लावतात, उतरवून घेणाऱ्याला नव्हे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ही वही म्हणजे परत येणाऱ्या माणसाची स्मृती. आज जो येऊन गेला त्याचा नातू चाळीस वर्षांनी येईल, या भरवशावर खाली दिवस काढता येतात. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, अशी व्युत्पत्ती आपण शाळेत शिकलो. उपाध्यायांनी त्या अ-तिथीला वहीत बसवून त्याची अनिश्चितता निम्मी कमी केली.

गोदाकाठाची दुसरी शिकवण पंचांगाची. यात्रेकरूंचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एक नसतो. श्रावणी सोमवारी, ऐन पावसात, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबक भरून जाते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा, म्हणून मुक्कामही तीन दिवसांचा. चातुर्मासात जैन साधू-साध्वी एका ठिकाणी राहतात, आणि त्यांच्या दर्शनासाठी दुरून कुटुंबे येतात. ज्या महिन्यांत बंगलेवाल्याकडे शुकशुकाट असतो त्याच महिन्यांत समाजाच्या वास्तू गजबजतात. जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी, आणि २००० नंतर उभ्या राहिलेल्या वाइनरींनी त्या तीन महिन्यांना नवा पाहुणा दिला. दिवाळी आणि मे महिना तर गुजराती-मुंबईकर कुटुंबांचे ठरलेलेच. म्हणजे नाशिकच्या परिसरात खऱ्या अर्थाने सगळीकडे खाली असा महिना शोधावा लागतो. एकाचा खाली महिना दुसऱ्याचा भरलेला असतो. यजमानाला फक्त आपलेच दार दिसते.

आजचे दुखणे निराळ्या ठिकाणी आहे. महिने रिकामे राहण्यापेक्षा आता वार रिकामे राहतात. मुंबईहून देवळाली रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर. महामार्ग रुंद झाला, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता जसा सुधारतो तसा मुक्काम आखडतो. शुक्रवारी रात्री यावे, रविवारी दुपारी निघावे. महिन्याच्या तीस रात्रींपैकी आठ-नऊ रात्री भरल्या आणि एकवीस-बावीस ओस, ही आता साधारण रीत होऊन बसली आहे. चांगला रस्ता गावाला पाहुणा आणून देतो आणि त्याच रस्त्याने त्याला लवकर परतही नेतो.

या रिकाम्या रात्री विकण्यासाठी जी आंतरजालावरची बाजारपेठ उभी राहिली, तिचा जन्म गर्दीत झाला आहे हे विसरता कामा नये. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेमुळे हॉटेले भरून गेली होती, आणि घरभाडे भागत नसलेल्या दोन तरुणांनी आपल्या जागेत हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांची सोय केली. एअरबीएनबीचे मूळ ते. जी व्यवस्था गर्दीचा उपाय म्हणून निघाली तिच्याकडे खाली दिवसांसाठी एकच सल्ला असतो: दर उतरवा. शेजाऱ्याने उतरवला, आपणही उतरवा.

हा सल्ला कागदावर तपासून पाहू. समजा, खोलीचा दर रात्रीला २००० रुपये आहे, आणि चादरी, झाडलोट, वीज, दलाली धरून प्रत्येक रात्रीमागे ७०० रुपये खर्च होतात. महिन्यात मधल्या वारांच्या दहा रात्री लागल्या तर हाती १३,००० उरतात. दर १२०० केला तर रात्रीमागे ५०० उरतील, आणि तेवढेच १३,००० मिळवायला सव्वीस रात्री भराव्या लागतील. मधल्या वारांच्या रात्री मुळात आहेत बावीस! याउलट एखाद्या कुटुंबाला अख्खा महिना २४,०००ला दिला, म्हणजे रात्रीला अवघे ८०० पडले, आणि येणे-जाणे एकदाच झाल्याने खर्च सहा हजारांत आटोपला, तर १८,००० उरतात. दर सर्वांत कमी, तरी शिल्लक मधल्या वारांच्या कमाईपेक्षा जास्त; आठवडाअखेरच्या रात्री मात्र यातच जातात, त्यांची कमाई वेगळी धरायला हवी. सॅनिटोरियमच्या विश्वस्तांना हे गणित कोणी शिकवले नव्हते, पण ते त्यांच्या पद्धतीत मुरलेले होते. खर्च रात्रीवर थोडा आणि येण्याजाण्यावर फार होतो.

महिनाभर राहणारा माणूस आता कोठे आहे, असे कोणी विचारील. देवळालीपुरते बोलायचे तर तो समोरच आहे. तोफखान्याच्या केंद्रात अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांची कुटुंबे आहेत. १९२५ पासून चालत आलेल्या बार्न्स शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांना भेटायला येणारे पालक आहेत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला बसलेल्यांचे आप्त आहेत. शस्त्रक्रियेनंतर निवांत जागा हवी असलेली वृद्ध जोडपी आहेत. घरून काम करणारे तरुण आहेत. यांच्यापैकी कोणालाही तरणतलाव नको असतो. स्वयंपाकघर हवे असते, वाचायला उजेड हवा असतो, आणि ओळखीचा दूधवाला हवा असतो. जुन्या सॅनिटोरियमने हेच दिले होते.

पण आमचा मुख्य प्रश्न हिशेबाच्या पलीकडचा आहे. शिपायाच्या काळात रिकाम्या दिवसांची किंमत शिपायाने आपल्या मनाने मोजली. बराकीची तिजोरीने मोजली. सॅनिटोरियमची देणगीदाराने मोजली. उपाध्यायाची वंशपरंपरेच्या विश्वासाने मोजली. आजच्या यजमानाच्या मागे यांपैकी काहीच नाही. तिजोरी नाही, निधी नाही, वही नाही. आहेत ते बँकेचे हप्ते. मग तो ती किंमत खाली उतरवतो. स्वयंपाकाच्या मावशींना 'पुढच्या आठवड्यात फोन करतो' म्हणून सांगितले जाते. झाडलोट करणाऱ्याचे दिवस अर्धे होतात. माळी दोन बंगल्यांत वाटला जातो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली तेव्हा हे उघडे पडले. मालकाची खोली रिकामी राहिली, पण खोली त्याचीच राहिली. पगार थांबला त्याच्याकडे मात्र पुढच्या महिन्याची काहीच सोय नव्हती. 'डूलाली'चा ताप आता पाहुण्याला चढत नाही. तो फोनची वाट पाहणाऱ्या हाताखालच्या माणसाला चढतो.

पुढे सिंहस्थ आहे. ध्वजारोहणाचा दिवस ३१ ऑक्टोबर २०२६ असा जाहीर झाला आहे, आणि पर्वकाळ २०२८ पर्यंत चालेल. जिल्ह्यात खोल्या वाढतील, दर वाढतील, कर्जे काढून मजले चढवले जातील. सिंहस्थात लग्नकार्ये टाळण्याची रूढी पुष्कळ घरांत आहे, म्हणजे मंगल कार्यालयांचा खाली काळ आणि मुक्कामघरांचा भरता काळ एकाच वेळी येतो, हीही पंचांगाचीच किमया. पण गुरू सिंह राशीत बारा वर्षांनी येतो आणि वर्षभराने पुढे सरकतो. दोन वर्षांच्या गर्दीच्या मापाने बांधलेली खोली पुढची दहा वर्षे उभी राहणार आहे. त्या दहा वर्षांचे भाडे कोण भरणार, हा प्रश्न वीट रचण्यापूर्वी विचारलेला बरा.

मराठीत रिकाम्या काळाला नाव नाही असे आम्ही प्रारंभी म्हटले. पण त्या काळासाठी करायच्या तयारीला मात्र नाव आहे, आणि ते फार सुंदर आहे: बेगमी. पावसाळ्याची बेगमी करणारी बाई पावसाला शिव्या देत बसत नाही. सरपण कोठीत रचते, डाळी-कडधान्यांना उन्ह देते, आणि घरात खाणारी तोंडे किती आहेत ते मोजून मगच मापे ठरवते. भरल्या हंगामातला ठरावीक हिस्सा खाली महिन्यांच्या नावाने वेगळा ठेवणे, त्यात हाताखालच्या माणसांचा पगार पहिल्यांदा धरणे, परत येणाऱ्यांची वही राखणे, शेजाऱ्याचे पंचांग वाचणे आणि लांब मुक्कामाला दार उघडणे, ही यजमानाची बेगमी होय. सॅनिटोरियम बांधणाऱ्यांनी ती दानातून केली. ज्यांना दान शक्य नाही त्यांनी ती हिशेबातून करावी. दोन्ही मार्गांनी आषाढातल्या मंगळवारी माळ्याचा पगार निघाला म्हणजे पुरे.